बैठकीला आलं की रोज बुडतो

(पेडगाव, जि. परभणी इथे गोधडी-वाकळ शिवणाऱ्या बायका आणि बचतगटांच्या प्रतिनिधी यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातला मोकळेपणा तसाच ठेवला आहे.)



पेडगावात उभं राहून बोलायचं म्हटलं की 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण आठवतेच. म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, नगर जिल्ह्यातलं, असं बरेच जण समजतात. तेव्हा तुमच्या गावावर त्याचा ठपका नाही. पण म्हणीचा अर्थ आज माझ्या कामाचा आहे. सगळं ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्याचं सोंग घ्यायचं. असं एक सोंग आपल्या हस्तकलेच्या संस्थांमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. कुठल्याही संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विचारा, "कारागीर बायका कार्यकारिणीवर आहेत का?" उत्तर येतं, "आहेत ना! पण त्या बोलतच नाहीत. आम्ही तरी काय करणार?"

त्या का बोलत नाहीत हे खरं तर सगळ्यांना कळतं. आज तेवढंच उघडपणे बोलू या.

मी परभणीत राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर मी स्वयंसेवक म्हणून आहे. कार्यकारिणीत आम्ही अकराजणी. सातजणी माझ्यासारख्या: कुणी शिक्षिका, कुणी वकील, कुणी बँकेतून निवृत्त झालेली, कुणी कपड्याचं डिझाइन शिकलेली. उरलेल्या चारजणी गोधडी शिवणाऱ्या. येत्या वार्षिक सभेत हे गणित बदलायचा ठराव मांडायचा आहे. तो मांडण्याआधी तुमच्याशी बोलणं मला गरजेचं वाटलं, कारण मत तुमचं आहे.

आधी बैठकीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. बैठक संभाजीनगरला, सकाळी अकराला. माझ्यासारखीचा तो दिवस कसा जातो? पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, बैठकीला गेल्यामुळे त्यातला रुपया कमी होत नाही. घरी स्वयंपाकाला बाई आहे. रात्री परत आले की कौतुकही होतं, "किती धडपड करता या वयात!" आता गोधडी शिवणारीचा तोच दिवस. पहाटे उठून भाकरी थापायच्या, पाणी भरायचं, जनावराचं बघायचं, लहान लेकरू जावेकडे सोडायचं. मग मिळेल त्या गाडीनं परभणी आणि तिथून पुढे. पदरचे पैसे खर्च करायचे, बिल जोडायचं, ते मंजूर होऊन हातात पडेपर्यंत दोन-दोन महिने वाट बघायची. आणि तो दिवस कापूस वेचणीचा असेल तर त्या दिवसाची मजुरी गेली. वेचणी किलोवर असते, हात चालले तर पैसे. घरी कौतुक नाही, घरी प्रश्न: "काय मिळालं तिथं जाऊन?"

आमच्या एका कारागीर सभासद बाईंनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "ताई, तुम्ही बैठकीला आलात की सेवा होते. मी आले की रोज बुडतो."

हे वाक्य मी तुमच्यापुढे मुद्दाम ठेवते आहे, कारण सगळा प्रश्न त्याच्यात आहे. मानद, विनामूल्य, निःस्वार्थ, हे शब्द कानाला फार गोड वाटतात. पण विनामूल्य काम करायला आधी कुणीतरी आपल्याला पोसावं लागतं. नवऱ्याचा पगार, स्वतःची पेन्शन, घरची शेती, काहीतरी पाठीशी लागतं. ज्या संस्थेचा सगळा कारभार विनामूल्य चालतो, त्या संस्थेत कारभार कुणाच्या हाती राहणार हे त्याच दिवशी ठरून जातं. त्यासाठी कुणाला बाहेर ठेवायचा नियम करावा लागत नाही.

नियमांचंही तसंच आहे. आपल्या घटनेत एक कलम आहे: सलग तीन बैठकांना गैरहजर राहील त्या सभासदाचं पद रद्द. वाचायला अगदी न्यायाचं, सगळ्यांना सारखं. पण परभणी-बीडकडच्या किती बायका दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात! पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, चार-पाच महिने. तेवढ्या काळात दोन महिन्यांच्या अंतरानं दोन-तीन बैठका होतात. बाई निवडून येते, हंगाम लागतो, ती तोडीला जाते, परत येते तर नाव कमी झालेलं. या कलमानं आजवर एकाही प्राध्यापिकेचं पद गेलेलं नाही. मग या नियमाला सारखा कसं म्हणायचं?

आता ती बाई सगळं सोसून बैठकीला पोचली असं धरा. तिथे काय होतं? कागद तिथेच हातात देतात, सतरा पानांचे. ताळेबंद इंग्रजीत. मागच्या बैठकीचं इतिवृत्त असल्या मराठीत की मलाही दोनदा वाचावं लागतं. "सदर विषयाबाबत सर्वानुमते ठरले की." बाईला आठवत असतं, त्या विषयावर तिनं नाक मुरडलं होतं. पण नाक मुरडल्याची नोंद इतिवृत्तात होत नाही. चहाची वेळ झाली की उठतं कोण? तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कारागीर सभासदच उठतात, कप गोळा करतात, आणि तेवढ्या पाच मिनिटांत दोन विषय मंजूर होतात. त्यात बाई दलित असेल, पारधी असेल, तांड्यावरून आलेली असेल, तर तिच्या हातचा चहा किती जणी खरंच पितात आणि किती जणी "आत्ताच घेतला" म्हणतात, तेही बघायचं. जात बाहेर चपलांजवळ काढून ठेवून आपण बैठकीला बसतो, असं कुणी समजू नये.

अशा खोलीत ती बोलत नाही म्हणून तिला बोलता येत नाही, असा अर्थ काढायचा? तिला घरच्या ओट्यावर चार बायकांत बसवा आणि विचारा, या वर्षी दोरा कसा आला, कुठल्या लुगड्याचा थर आत घातला तर गोधडी जड होते, व्यापारी काय भाव देतो. ती तासभर बोलेल आणि आपण लिहून घेत राहू.

आता सगळ्यात अवघड विषयावर येते. दराच्या. बाकी ठिकाणी कारागीर सभासदांना बसवून घेतात, पण शिलाईचा दर ठरवायचा विषय आला की एक नवीन शब्द बाहेर येतो: हितसंबंध. "दर वाढला तर यांनाच पैसे मिळणार, म्हणून या विषयावर यांनी मत देऊ नये." हा युक्तिवाद मी आपल्याकडे ऐकला आहे, दुसऱ्या संस्थांतल्या मैत्रिणींनीही सांगितला आहे. वरवर पाहता तो नीतीचा वाटतो. पण जरा पुढे जाऊन विचारा. दर कमी ठेवला तर विक्री सोपी होते, संस्थेचं नाव होतं, अहवालात उलाढाल वाढलेली दिसते, आणि त्या अहवालावर पुढचं अनुदान मिळतं. हा हितसंबंध नाही का? तो आम्हा सातजणींचा आहे. तो कधी कुणी नोंदवून घेतला?

दर कसा काढायचा ते आपण आत्ताच करून बघू. समजा एका मोठ्या गोधडीला धावदोरा घालायला ६० तास लागतात. यात जुनी लुगडी उसवणं, धुणं, थर लावणं, कडा दुमडून टाचणं धरलेलं नाही. त्याचे आणखी १२ तास धरू. झाले ७२ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ९ दिवस. शेतातल्या बाईचा रोज समजा ३०० रुपये. म्हणजे नुसत्या मजुरीचे २,७०० रुपये. दोरा, सुया, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. आता ज्या बाईला या गोधडीचे १,२०० रुपये मिळतात, तिला दिवसाला किती पडले? १३३ रुपये. शेतात राबण्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि आपण माहितीपत्रकात छापतो की ही कला महिलांना स्वावलंबी करते! आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, रीत हीच ठेवा. हे गणित कार्यकारिणीत मांडायला पदवी लागत नाही. ६० तास लागतात की ४० हे मात्र फक्त शिवणारीच सांगू शकते. तिलाच मतदानातून बाजूला बसवलं तर मग दर अंदाजानं ठरतो, आणि अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो.

हा प्रश्न आपल्याच संस्थेचा आहे असं समजू नका, तो जुना आहे. १९२५ साली पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. गांधीजींनी त्याची वर्गणी मोठी विचार करण्यासारखी ठेवली होती. 'अ' वर्गाच्या सभासदानं पैसे द्यायचे नाहीत, महिन्याला स्वतः कातलेलं १००० वार सूत द्यायचं. म्हणजे ज्याला संघात बसायचं आहे त्याचा हात चरख्याला लागलेला असला पाहिजे. पण खेड्याखेड्यांत मजुरीसाठी कातणाऱ्या हजारो बायका होत्या, त्या संघाच्या कारभारात कुठे होत्या? खादी स्वस्त राहावी म्हणून त्यांची मजुरी अगदी तुटपुंजी होती. १९३५ साली गांधीजींनीच आग्रह धरला की कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. खप बसेल, अशी भीती खादीचं काम करणाऱ्या अनेकांना वाटली. तरी मजुरी वाढवण्याचं धोरण संघानं घेतलं. मोठी गोष्ट झाली ती. तरीही एक लक्षात ठेवू: तो निर्णय कातणारणींसाठी झाला, कातणारणींनी केला नाही. वर बसलेला माणूस गांधींसारखा असेल तर चालून जातं. दर वेळी तसा माणूस कुठून आणायचा?

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी ते वाढवलं. देशभरच्या मरू घातलेल्या कितीतरी कला त्या कामामुळे टिकल्या, हे ऋण मानलंच पाहिजे. ते मंडळ २०२० साली केंद्र सरकारनं बरखास्त केलं. हातमागाचं मंडळही त्याच सुमारास गेलं. ही मंडळं सल्लागार होती, त्यांच्या हाती फार सत्ता होती असं नाही. पण कारागिरांना सरकारसमोर बसायची जी थोडी जागा होती, तीही गेली, आणि ती गेल्याचं खेड्यातल्या किती कारागिरांना कळलं? वरून दिलेली जागा वरूनच काढून घेता येते. म्हणून आपल्या हातातल्या संस्थेत, आपल्या घटनेत, आपली जागा पक्की लिहून घ्यायची.

दुसऱ्या वाटेनं गेलेल्याही बायका आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत पापड सगळ्यांनी खाल्लेला आहे. पण त्या संस्थेचा कारभार कसा चालतो हे पापडाइतकं प्रसिद्ध नाही. तिथे काम करणारी प्रत्येक बाई 'बहीण' आणि तीच मालक. नफा-तोटा सगळ्या बहिणींचा. पुरुष पगारी नोकर म्हणून असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. कारभार पाहणारं २१ जणींचं मंडळ बहिणींमधूनच येतं. त्यांना सुरुवातीला मार्गदर्शन करणारे पुरुष होते, सल्ला देणारे होते. पण सल्ला देणारा वेगळा आणि ठरवणारी वेगळी, हा भेद त्यांनी पहिल्यापासून पाळला.

अहमदाबादला १९७२ साली इला भट्ट आणि तिथल्या कष्टकरी बायकांनी 'सेवा' ही संघटना नोंदवायला नेली. तेव्हा अडचण काढली गेली की तुम्हाला मालकच नाही, मग कामगार संघटना कशी? भांडून नोंदणी मिळवली. १९७४ साली ४,००० बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. तिथेही अक्षराचा अडसर आलाच: सही येत नाही तर बँक कशी काढणार? बायकांनी रात्रभर बसून आपलं नाव गिरवलं. आणि ज्यांना सही जमत नव्हती त्यांच्यासाठी पासबुकावर फोटो आला.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, आपल्यासारखाच दुष्काळी. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्या सोबतीनं बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा अर्ज नाकारला, प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून. बायका काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही यंत्रावर करा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. अक्षर येत नसणं आणि हिशोब येत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी रिझर्व्ह बँकेला शिकवलं.

कलेच्याच क्षेत्रातलं बघायचं तर राजस्थानात बिकानेरच्या बाजूला २००६ साली 'रंगसूत्र' नावाची कंपनी उभी राहिली. भांडवल मिळेना तेव्हा सुमारे हजार कारागिरांनी प्रत्येकी हजार रुपये घालून भाग घेतले. त्यांत बायकाच जास्त. भाग घेतलेली बाई हिशोब विचारते. 'लाभार्थी' म्हणून नाव लिहिलेली बाई आभार मानते. दोघींच्या बसण्यातच फरक पडतो.

आणि इतक्या लांब कशाला? माविमची लोकसंचालित साधन केंद्रं तुमच्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक आहेत. तिथलं कार्यकारी मंडळ गावच्या बचतगटांतल्या बायकांचं असतं. व्यवस्थापक, सहयोगिनी ही पगारी माणसं त्या मंडळाला जबाबदार असतात. सगळीकडे सगळं नीट चालतं असं मी म्हणणार नाही. पण बाई खुर्चीवर आणि शिकलेली व्यक्ती तिच्या हाताखाली, हे चित्र आपल्या जिल्ह्याला नवीन राहिलेलं नाही.

आता कायदा काय म्हणतो? आपली संस्था सहकारी नाही, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची आहे. तरी सहकाराच्या कायद्यात एक शहाणपण आहे ते उचलण्यासारखं आहे. २०११ साली ९७ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात सहकारी संस्थेच्या संचालक मंडळासाठी असं लिहिलं: संचालक जास्तीत जास्त २१, त्यांत स्त्रियांना दोन जागा, अनुसूचित जाती-जमातींना एक, आणि याखेरीज बँक, व्यवस्थापन वगैरे जाणणारे दोनपर्यंत तज्ज्ञ घेता येतील, पण त्या तज्ज्ञांना मतदानाचा हक्क नाही आणि त्यांना पदाधिकारीही होता येणार नाही. राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता घटनेचा हा भाग २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, कारण त्याला राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. पण महाराष्ट्रानं २०१३ साली आपल्या सहकार कायद्यात अशाच तरतुदी घातल्या आहेत.

स्त्रियांना २१ मध्ये दोन जागा म्हणजे दहावा हिस्साही नाही, त्याबद्दल सरकारशी वेगळं भांडू. मला तुमचं लक्ष तज्ज्ञांकडे वेधायचं आहे. कायदा म्हणतो: या, बसा, तुमचं ज्ञान द्या, मत मात्र सभासदांचं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. तज्ज्ञ मत देतात, आणि ज्यांच्या हातांवर संस्था उभी आहे त्या "ऐकायला" बसतात.

माझ्या बरोबरीच्या स्वयंसेवक मैत्रिणींना या बदलाची धास्ती वाटते. त्यांची बाजू मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण त्या वाईट नाहीत आणि त्यांनी संस्थेसाठी वर्षं घातली आहेत. त्या म्हणतात, बाजार कोण सांभाळणार? ऑडिट, कर, परदेशी ऑर्डर हे कुणाला कळणार? त्या म्हणतात, कारागीर बायकांत गट पडतील, एका गावाची सून दुसऱ्या गावाला काम देणार नाही. त्या म्हणतात, बाई खुर्चीवर बसेल आणि कारभार तिचा नवरा करेल.

यातली एकही भीती खोटी नाही. पण एकेक तपासून बघा. बाजार आणि ऑडिट कळणारी माणसं लागणारच; ती पगारावर ठेवू किंवा सल्लागार म्हणून बसवू, त्यासाठी त्यांना मत कशाला लागतं? गट शिकलेल्यांत पडत नाहीत का? कार्यकारिणीत सात स्वयंसेवक आणि तीन गट मी रोज बघते. आणि नवऱ्याचं म्हणाल, तर हेच सगळं पंचायतीच्या वेळी ऐकलं होतं. महाराष्ट्रानं १९९० साली पंचायतींत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश झाल्या, २०११ साली निम्म्या. सुरुवातीला सरपंचबाईचा नवराच खुर्चीवर बसायचा, आजही काही ठिकाणी बसतो. पण त्याच आरक्षणातून अशाही बायका तयार झाल्या की ज्यांनी नवऱ्याला दाराबाहेर बसवलं. पाण्यात उतरल्याशिवाय कुणी पोहायला शिकलेलं नाही, आणि काठावर उभं राहून "तुला पोहता येत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी वाट मोकळी करायला हवी.

आणखी एक सांगते. तुमच्यापैकी काहीजणी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळ्याजणी निघून गेलात तर आम्ही काय करायचं?" निघून जायचं कुणीच म्हणत नाही. मी बैठकीला येईन, माझं मत सांगेन, तुम्ही चुकीचं करताय असं वाटलं तर भांडेनसुद्धा. फक्त हात वर करायची वेळ आली की तुम्ही कराल. मला वाटतं, त्यानं आपली मैत्री जास्त सरळ होईल. आत्ता तुम्ही माझ्याशी बोलताना मनात धरता की काम द्यायचं की नाही हे ताईंच्या हाती आहे. असं मनात असलं की माणूस खरं बोलत नाही.

तर ठरावात पाच गोष्टी आहेत. सोप्या भाषेत सांगते.

पहिली, अकरापैकी सात जागा काम करणाऱ्या कारागीर बायकांच्या, आणि त्यांची निवड कारागिरांनीच करायची. सातातल्या किमान तीन दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतल्या.

दुसरी, उरलेल्या चार जागा सल्लागारांच्या. बोलायचा हक्क पूर्ण, मताचा नाही. माझी जागा याच चारांत येईल, किंवा येणार नाही, ते तुम्ही ठरवा.

तिसरी, बैठकीला येणाऱ्या कारागीर सभासदाला त्या दिवसाचा रोज आणि गाडीभाडं त्याच दिवशी रोख. याला कुणी 'मानधन' म्हणू नये, तो बुडालेला रोज आहे. पैसे कुठून आणायचे असं विचारलं जाईल, म्हणून हिशोब करून आणलाय. वर्षाला सहा बैठका, सातजणी, ३०० रुपये रोज: १२,६०० रुपये. त्यात प्रवासाचे घाला. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मंडप, हारतुरे आणि पाहुण्यांचं जेवण यांवर काय जातं ते आपल्या खातेवहीत बघा, आणि मग पैसे नाहीत म्हणा.

चौथी, बैठका आळीपाळीनं गावांत घ्यायच्या. वेचणीच्या भरात नको. कागद आठ दिवस आधी मराठीत द्यायचे, बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायचे. इतिवृत्तात कुणाचा विरोध होता हे नावानिशी लिहायचं. तोडीला जाणाऱ्या सभासदानं आधी कळवलं तर तिची गैरहजेरी धरायची नाही, तेवढ्या महिन्यांसाठी तिच्याच गावच्या दुसऱ्या बाईनं तिच्या जागी बसायचं.

आणि पाचवी, शिलाईचा दर दरवर्षी तास मोजून ठरवायचा, आत्ता आपण मोजला तसा. शिवणाऱ्या सभासदांना त्या विषयावर मत द्यायचा पूर्ण हक्क.

हे सगळं मंजूर होईल का, मला सांगता येत नाही. वार्षिक सभेला मत असलेले सभासद सव्वादोनशे आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त कारागीर बायका आहेत. पण दरवर्षी सभेला हजर किती असतात? तीस-पस्तीस. बाकीच्या कामावर असतात. म्हणजे ठराव पडला तर तो विरोधामुळे पडेलच असं नाही, रोज बुडेल या भीतीनंही पडू शकतो. त्यासाठी प्रत्येक गावानं मिळून एक गाडी करता येईल का, लेकरं कुणी सांभाळायची, त्या दिवशीची शेतातली कामं एकमेकींत कशी वाटून घ्यायची, हे आज जेवणानंतर बसून ठरवू या. पेडगावच्या बायकांनी आपल्या गावची यादी आधीच केली आहे, ती त्या वाचून दाखवतील.

मी थांबते. ठरावाचा कागद तुमच्या हातात आहे. वाचता येत असेल तिनं शेजारणीला वाचून दाखवा. ज्यांना पटत नाही त्यांनी आधी बोलावं. माईक इकडेच आहे, पण त्याची गरज नाही, बसल्या जागेवरून बोललात तरी चालेल.